शेवटच्या पंगतीचा यजमान

जालना शहरात ज्याचं ब्लडप्रेशर माझ्या साडूंनी मोजलेलं नाही असा माणूस मला कुणी दाखवला, तर मी त्याचा भर मोंढ्यात शाल-श्रीफळ देऊन सत्कार करीन. असा माणूस सापडणार नाही याची मला इतकी खात्री आहे, की ती शाल मी अजून विकतही घेतलेली नाही. पोस्टमन, फौजदार, वीजबिल वाटणारा, दारावर देणगी मागायला आलेला, एकदा तर चुकीच्या घराची बेल वाजवलेला परगावचा पाहुणा, हे सगळे कधी ना कधी त्यांच्या पट्ट्यात सापडलेले आहेत. आमच्या एका भाच्याच्या लग्नात त्यांनी नवरदेवाला घोड्यावर चढण्याआधी खुर्चीत बसवून त्याचा दंड आवळला होता. वरात पाऊण तास खोळंबली, बँडवाले एकच गाणं पुन्हापुन्हा वाजवत राहिले, पण साडू हलले नाहीत. घोडा तेवढा सुटला, आणि तोही पट्टा पुरला नाही म्हणूनच.

साडू हे नातं माणसाला निवडून मिळत नाही. मुलगी बघायला जाताना आपण तिचं शिक्षण बघतो, घरचं वळण बघतो, फार तर सासऱ्यांच्या विहिरीला पाणी किती ते बघतो. तिची थोरली बहीण कुणाला दिलेली आहे याची चौकशी कुणी करत नाही. मी करायला हवी होती. कुंभार पिंपळगावला मी मुलगी बघायला गेलो, तेव्हा माझ्यासमोर पोह्यांची बशी आली आणि बशीमागोमाग हे गृहस्थ आले. घरचे थोरले जावई. बाकीचे लोक मला माझी नोकरी आणि मूळ गाव विचारत होते. यांनी एकदम विचारलं, "आजोबा कशानं गेले?" मी म्हणालो, बैलानं ढुशी मारली. "वय काय व्हतं?" म्हटलं, ऐंशीच्या पुढे. "ऐंशीच्या पुढं बैलाला आडवे गेले म्हंजी हार्ट बिलकुल ठणठणीत व्हतं," असं म्हणून त्यांनी सासऱ्यांकडे बघत मान डोलावली आणि माझं लग्न ठरलं. आमच्या संसाराचं जे काही श्रेय आहे ते त्या बैलाचं आहे, असं माझी बायको अजूनही माहेरी सांगते. मी शाळेत भूगोल शिकवतो म्हणून साडू मला 'सर' म्हणतात, पण त्या दिवसापासून आजतागायत त्यांनी मला एकदाही भूगोलातलं काही विचारलेलं नाही.

त्यांचं मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारपेठेत, बी-बियाण्यांचं दुकान आहे. त्यांच्या साऱ्या विचारसरणीचा उगम तिथंच आहे. सोयाबीन पेरण्याआधी घरचं बी ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचं, किती दाण्यांना कोंब फुटतो ते बघायचं आणि मगच रानात टाकायचं, हे ते गिऱ्हाइकाला वर्षानुवर्षं सांगत आले. कधीतरी त्यांना वाटलं, की जी गोष्ट दाण्याला लागू ती माणसाला का नको? त्या दिवशी दुकानात वजनकाट्याच्या शेजारी प्रेशर मोजायचं यंत्र येऊन बसलं. तेव्हापासून तिथं कपाशीचं बी मागितलं की आधी स्टूल मिळतं. "बसा. पाठ टेकवा. पाय जमिनीला. आता जरा वेळ तोंड बंद." एकदा आष्टीकडचा एक शेतकरी घाईत आला होता. "शेठ, माझी यष्टी जाईल," तो म्हणाला. "यष्टी दुसरी येती," साडू म्हणाले आणि पट्टा फुगवायला लागले. आकडा बघून त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी पिशवी त्याच्या हातातून काढून घेतली आणि त्याला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात पाठवलं. "बी उद्या. गोळी आज." तो माणूस परत आला, पण समोरच्या दुकानातून बियाणं घेऊन आला, कारण तिथं नुसतं बियाणं मिळत होतं. साडूंना त्याचा काडीचाही राग आला नाही. "बी कुठूनबी घ्या, पण गोळी सोडू नका," असं त्यांनी त्याला रस्त्यात गाठून सांगितलं. तो आता दर महिन्याला समोरून खरेदी करतो आणि जाताना यांच्या दुकानात येऊन दंड पुढे करतो. धंदा असा चालवला जातो.

लग्नकार्यात तर त्यांना बोलवावं की न बोलवावं, असा सगळ्या गोतावळ्यापुढे प्रश्न असतो. बोलवलं नाही तरी ते येतात, तेव्हा हा प्रश्न आपोआप सुटतो. आल्यावर ते आधी वधू-वरांना भेटत नाहीत, मांडवाच्या मागे जाऊन आचाऱ्याला भेटतात. एका लग्नात त्यांनी कढईत डोकावून विचारलं, "हे तेल कितव्यांदा तापवून राह्यले?" आचारी गेली कित्येक वर्षं त्यांना ओळखत होता. तो झारा न थांबवता म्हणाला, "शेठ, तुमच्या लग्नात जे तापवलं व्हतं, तेच चालू हाये." साडू पंगतीत येऊन माझ्या कानाशी लागले, "सर, भजे खाऊ नका." मग माझ्या ताटातली भजी माझ्या हिताकरता त्यांनी स्वतः खाऊन टाकली.

कारण त्यांच्या शास्त्रात काही सवलती आहेत, आणि त्या सगळ्या त्यांच्या स्वतःसाठी आहेत. चहा ते बिनसाखरेचा घेतात. पेढा मात्र प्रसादाचा असेल तर चालतो, कारण "प्रसादाला कॅलरी नसती." हे कळल्यापासून आमच्या मस्तगड भागातल्या प्रत्येक घराच्या सत्यनारायणाला ते हजर असतात आणि शिऱ्याच्या द्रोणापुढे त्यांच्या डोळ्यांत जी भक्ती दाटते ती पोथी चालू असताना दिसत नाही. शेजारचं मारवाडी कुटुंब सणाला लाडू पाठवतं, तो शेजारधर्म. उभ्याने खाल्लेलं मोजायचं नाही, दुसऱ्याच्या ताटातलं मोजायचं नाही, आणि पाहुणे आल्यावर त्यांना सोबत म्हणून खाल्लेलं तर मुळीच नाही. पापडावरचं मीठ ते रुमालाने झटकतात आणि मग लोणच्याची बरणी जवळ ओढतात.

सकाळी ते मोती तलावाला फिरायला जातात. जातात म्हणजे मोहीम काढतात. गळ्यात शिट्टी असते. मागे आम्ही सात-आठ जण, ज्यांच्यापैकी एकही स्वखुशीने आलेला नसतो. बाकावर कुणी टेकला की शिट्टी वाजते. कुणी घरच्या कटकटी सांगायला लागला की शिट्टी वाजते, कारण "टेन्शनच्या गोष्टी चालता चालता बोलायच्या न्हाईत." फेऱ्या झाल्या की मंडळींचा उत्साह टिकावा म्हणून कचोरीच्या गाड्यावर थांबायचं. कचोरीतलं सगळं तेल तिच्या पापुद्र्यात असतं असा त्यांचा शोध आहे. म्हणून ते आधी पापुद्रा सोलून बाजूला ठेवतात आणि नुसतं सारण खातात. मग अन्न टाकू नये म्हणून पापुद्रा खातात.

तिथून आम्ही दोघे मस्तगडचा चढ चढून घरी येतो. त्यांचं घर वरच्या अंगाला, माझं त्याच्या मागच्या गल्लीत. हा चढ म्हणजे माझ्या शाळेचा शत्रू होता. कारण साडू दर दुकानापाशी थांबत. बांगड्यांच्या दुकानात थांबून त्या बाईंना मीठ किती खाता ते विचारत. पुढे सायकलवाल्याला, "नुसते दुसऱ्याचेच पायडल नीट करता का सोताबी मारता?" मग शिंपीकाका, मग चहापत्तीवाला. प्रत्येकाला सल्ला, प्रत्येकाची चौकशी. मी घड्याळ बघत उभा. रोज मला वाटायचं, या माणसाला जगाच्या छातीची एवढी काय पडली आहे?

एका सोमवारी शिंपीकाकांचं दुकान बंद होतं. तरीही साडू त्या बंद शटरपुढे थांबले. कंबरेवर हात ठेवून पाटी वाचायला लागले. मी विचारलं, "काय वाचताय?" "अक्षर भारी काढलंय," ते म्हणाले. ती पाटी त्या जागी माझ्या लग्नाच्या आधीपासून होती. मी त्यांच्याकडे नीट बघितलं. थंडीचे दिवस होते, मी स्वेटर घातला होता, आणि त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब होते. त्या दिवशी मला कळलं, की हा माणूस बोलायला थांबत नव्हता.

मी हसण्यावारी नेऊन "एकदा दाखवून घ्या की," म्हटलं. "दाखवायचंच हाये. शिबिरात दाखवतो," ते म्हणाले.

हे शिबिर ते दरवर्षी वडिलांच्या पुण्यतिथीला भरवतात. त्यांचे वडील त्याच दुकानात, त्याच गादीवर गेले. दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये जरा घाम आला म्हणून पंखा वाढवायला सांगितला आणि तेवढ्यात संपले. साडू तेव्हा कॉलेजात होते. तेरावं झाल्यावर ते गादीवर बसले ते आजवर बसलेलेच आहेत. वडिलांना कुणी कधी तपासलं नव्हतं, तपासायचं असतं हे कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. तेव्हापासून पुण्यतिथीला जेवणावळ बंद झाली आणि तपासणी सुरू झाली. पण जेवणावळ अंगातून गेली नाही. साडू पांढरा शुभ्र सदरा आणि खांद्यावर उपरणं घेऊन दारात हात जोडून उभे राहतात. लोकांना पंगतीने बसवतात, म्हातारी माणसं आधी, मग बाकीची. आत जिलबी वाढताना करावा तसा आग्रह चालतो. "काका, असं कसं? नुसतं प्रेशर करून उठता का? ईसीजी घ्या. लाजू नका. वहिनी, शुगर राह्यली तुमची." एका गृहस्थांनी पोट भरल्यासारखा हात आडवा केला तर त्यांना हाताला धरून पुन्हा पलंगावर झोपवलं. आणि खरं सांगायचं तर या आग्रहामुळे गावातली कितीतरी माणसं वेळेवर दवाखान्यात पोचली आहेत. त्यांची थट्टा करणारे आम्ही सगळे त्यांच्यामुळेच गोळ्या घेतो.

फक्त एक माणूस दरवर्षी राहतो. यजमानाने शेवटच्या पंगतीला बसायचं ही आमच्याकडची रीत. पाहुणे हात धुऊन पान खात बसले की मग घरची माणसं ताटावर. साडूंनी ती रीत जशीच्या तशी शिबिराला लावली. "लोक बाहेर उभे आन् मीच आधी आडवा होऊ का? लोक काय म्हणतील? शिबिर गावासाठी व्हतं का ह्याच्या सोताच्या छातीसाठी?" आणि शेवटची पंगत कधी बसतच नाही. तोवर यंत्रातला कागद संपलेला असतो, तंत्रज्ञाची गाडी आलेली असते, डॉक्टर गळ्यातला स्टेथोस्कोप खिशात कोंबत असतात. "राहू द्या डॉक्टरसाहेब, आपलं काय, घरचंच काम," साडू म्हणतात. त्या वेळी मी त्यांच्या तोंडाकडे बघितलेलं आहे. परीक्षा पुढे ढकलल्याची सूचना वाचून आमच्या शाळेतली पोरं जशी दिसतात, तसे ते दिसतात.

त्या वर्षीच्या शिबिरातही हेच झालं, तेव्हा शेवटी मी आणि माझी थोरली मेव्हणी, म्हणजे त्यांची बायको, आम्ही दोघांनी त्यांना एका डॉक्टरांकडे नेलं. मेव्हणीला मी ताई म्हणतो. नंबर लावला. नंबर आला तेव्हा साडू उठले आणि शेजारच्या आजींना म्हणाले, "तुम्ही जावा आधी, तुमचं वय झालं." पुढचा नंबर एका बाळंतिणीला दिला, त्याच्या पुढचा एका घाईतल्या माणसाला. मधल्या वेळात त्यांनी सगळ्या लोकांना रांगेने नीट बसवलं, कुणाला प्यायला पाणी दिलं, कुणाचे रिपोर्ट लावून दिले. दुपारी डॉक्टर जेवायला गेले. कंपाउंडरने साडूंचे मनापासून आभार मानले आणि उद्याही येता का म्हणून विचारलं.

घरी आल्यावर ताई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सर, ह्यांच्या बाबांचं जे वय व्हतं ना, ते ह्यांना यंदा लागलं. दुकानात फोन लावला आन् ह्यांनी जल्दी उचलला न्हाई, की माझ्या हातातलं भांडं खाली पडतंय. तुम्ही हसता सगळे. मी कुणासंगं हसू?" ताईंचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

हे सगळं माझ्या बायकोमार्फत कुंभार पिंपळगावला आमच्या सासूबाईंपर्यंत गेलं. सासूबाईंना आम्ही दोघे जावई मामी म्हणतो. मामींनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "यंदा धोंड्याचा महिना हाय ना?"

तीन वर्षांनी एकदा अधिक महिना येतो. आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. त्या महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे तुपात बुडवून खाऊ घालायचे आणि ताटात दिवा लावून वाण द्यायचं. महिनाभर जावई म्हणजे नारायण. त्याने वाणाला नाही म्हणायचं नसतं, म्हटलं तर सासुरवाडीला तो मोठा अपमान. त्या वर्षी हा महिना पेरणीच्या तोंडावर आला. दुकानात बियाण्यासाठी रांगा. पण मामींचा निरोप आला म्हटल्यावर साडूंनी गादी नोकरावर सोपवली, नवा सदरा घातला आणि आम्ही दोन्ही जावई आपापल्या बायका घेऊन निघालो. वाटेत ते खुशीत होते. "धोंडा म्हंजी प्रसादच की सर," असं त्यांनी मला दोनदा सांगितलं.

घरासमोर मांडव होता. मांडवात गावातली शंभरेक माणसं बसलेली, एका बाजूला पलंग, पलंगाशेजारी टेबलावर ईसीजीचं यंत्र, आणि यंत्रामागे आमच्या मेव्हण्याच्या ओळखीचे एक तरुण डॉक्टर. साडूंचा चेहरा उजळला. "शिबिर! आन् मला सांगितलं न्हाई कुणी?" त्यांनी बाह्या सरसावल्या आणि म्हाताऱ्यांना पुढे घ्यायला निघाले. तेवढ्यात मामी दारात आल्या. हातात औक्षणाचं ताट. त्यांनी साडूंना पाटावर बसवलं, कुंकू लावलं, ओवाळलं आणि म्हणाल्या, "जावईबापू, यंदाचं वाण हे." बोट पलंगाकडे होतं.

साडू हसले. "घेतो की मामी. आधी गाव होऊ द्या. आपण शेवटी."

"शेवटी आम्ही. यजमान आम्ही हाव हितं," मामी म्हणाल्या. "तुम्ही पाव्हणे. जावई उठल्याबिगर गावाची पंगत बसत न्हाई. ही माणसं सकाळधरनं उपाशी हायती, रक्त तपासायला द्यायचं म्हणून."

साडूंनी सगळ्या मांडवावर नजर फिरवली. शंभर उपाशी माणसं त्यांच्याकडे बघत होती. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "सर, तुम्ही बसा पह्यले."

"थोरल्याच्या आधी धाकला?" मी म्हणालो. "चार लोकांत बरं दिसतं का?"

मागून एक म्हातारा ओरडला, "वो पाव्हणे, आटपा की! भूक लागली!" ज्या माणसाने आयुष्यभर जगाला आग्रह करून झोपवलं, तो सदऱ्याची बटणं काढत पलंगाकडे निघाला. तिथं मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. आडवं झाल्यावर त्यांनी माझा हात धरला. "सर," ते हळू म्हणाले, "काही निघालं तर?"

"पेरण्याआधी कळलेलं बरं, असं तुम्हीच सांगता."

"ते बियाणाचं सांगतो ओ," ते म्हणाले. "मला लई भ्या वाटून राह्यलं. बाबांनी पंखा वाढवायला सांगितला तवा तिथं जे गिऱ्हाईक बसलेलं व्हतं, ते मला अजून सगळं सांगतंय. दर साली बी घ्यायला येतंय आन् सांगतंय." त्यांनी डोळे मिटले.

डॉक्टरांनी पट्टा बांधला, छातीवर तारा लावल्या. विचारलं, "चढ चढताना दम लागतो?" "बिलकुल न्हाई," साडू मिटल्या डोळ्यांनी म्हणाले. पलंगाच्या पायथ्याशी ताई उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "खोटं. जिन्यात दोनदा थांबतेत." मी म्हणालो, "मस्तगडच्या चढावर दर दुकानापाशी थांबतात. बंद दुकानापाशीसुद्धा." साडूंनी एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं. फितूर झालेल्या माणसाकडे बघतात तसं.

यंत्रातून कागदाची पट्टी निघाली. डॉक्टरांनी ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत दोनदा वाचली. मग ते शांतपणे म्हणाले, की प्रेशर फार वाढलेलं आहे, पट्टी मला आवडलेली नाही, आणि दम लागतो म्हणताय तर उद्यावर टाकू नका, आत्ताच संभाजीनगरला मोठ्या दवाखान्यात जा. मेव्हण्याने गाडी काढली. "मंग धोंडे?" साडूंनी विचारलं. डॉक्टरांनी मान हलवली. तो नकार मात्र साडूंच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटला.

गाडीत बसायला निघाले आणि दारातच थांबले. "मामीचं कोन बघितलं?" कुणीच बघितलं नव्हतं. "माझं काय, मी घरचीच," मामी म्हणाल्या, "समद्यांचं झाल्यावर बघू." साडूंनी गाडीचं दार धरून ठेवलं. हातात तो रिपोर्ट, पाठीमागे ताई रडकुंडीला आलेल्या, डॉक्टर घाई करताहेत, आणि हे म्हणाले, "मी तुमचं वाण घेतलं. आता तुम्ही माझं घ्या, तवाच बसतो गाडीत. आन् तुमच्यामागून तुमच्या ह्या पोरीचं." मामींनी आयुष्यात कधी पहिल्या पंगतीला बसून खाल्लेलं नाही. त्या दिवशी त्या उभ्याउभ्या दंड पुढे करून राहिल्या, जावयाने गाडीत बसावं म्हणून. त्यांचं प्रेशर आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं निघालं. ताईंची तपासणी साडूंना गाडीत कोंबायच्या गडबडीत राहिली, ती संभाजीनगरच्या दवाखान्यात त्यांनी पलंगावरून हुकूम सोडून पुरी करून घेतली.

हृदयाची एक नळी जवळजवळ बंद झालेली होती. तिथल्या डॉक्टरांनी स्प्रिंग बसवली आणि वेळेत आलात, असं ताईंना सांगितलं. ताईंनी लगेच मामींना फोन लावला. साडूंना छातीतल्या स्प्रिंगचं फारसं दुःख झालं नाही. प्रसादालाही कॅलरी असते हे आहारवाल्या बाईंनी लेखी दिलं, त्याचा धक्का मोठा होता. साडू वर्षभर सत्यनारायणाच्या शिऱ्याला सगळ्या मस्तगडात नुसता हात लावून नमस्कार करत फिरले. पुढच्या पुण्यतिथीला शिबिर नेहमीसारखंच भरलं, उपरणंही होतं, पण लोक जमल्यावर पहिल्यांदा पलंगावर ताई झोपल्या आणि त्यांच्यानंतर साडू. "यजमानानं आधी चाखून बघायचं, मंग वाढायचं," असं त्यांनी तारा लावलेल्या अवस्थेत जाहीर केलं. आमची रीत त्यांनी एवढ्या सहज फिरवली, की जणू ती पहिल्यापासून तशीच होती.

आता आम्ही पुन्हा फिरायला जातो. शिट्टी आहे. कचोरीच्या गाड्यावरून ते तोंड फिरवून जातात, गाडेवाला बिचारा नमस्कार करतो. आणि मस्तगडचा चढ सुरुवातीला ते एका दमात चढायला लागले. मी मागे राहायचो, शाळेत वेळेआधी पोचायचो. सगळं कसं बरं चाललं होतं. मग एक दिवस शिंपीकाकांनी मला एकट्याला हाक मारली. "सर, तुमचे साडू नाराज हायेत का आमच्यावर? पह्यले रोज थांबत व्हते. आता सरळ वर निघून जातेत." बांगडीवाल्या बाई दुकानातून म्हणाल्या, "त्यांच्या सांगण्यानं मीठ कमी केल्तं मी. आता ते कोनाला सांगू?"

मी हे साडूंना सांगितलं. त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात घातली. मग म्हणाले, "त्यांना काय सांगू सर? की मी तुमच्यासंगं बोलायला थांबतच नव्हतो म्हणून?"

दुसऱ्या दिवशी ते चढावर थांबले. शिंपीकाकांच्या दुकानात स्टूल ओढून बसले, त्यांच्या गोळ्यांची चौकशी केली, नातवाचं नाव विचारलं, पुढे बांगडीवाल्या बाईंच्या मिठाचं कौतुक केलं, सायकलवाल्याशी भांडले. आता रोज थांबतात, पहिल्यापेक्षा जास्त वेळ. "बघू नका सर, दम न्हाई लागला," असं मला हसून सांगतात. मला पटतं. तरी ते थांबले की माझी नजर आधी त्यांच्या कपाळाकडे जाते, आणि ते कोरडं दिसलं की मगच मला आठवतं, की शाळेला उशीर झाला आहे.